ग्रिझली अस्वले आणि जंगलातले रस्ते

रस्त्यामुळे ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतली तपकिरी अस्वले, मरतात असे म्हटले की गाडीखाली सापडलेले जनावर डोळ्यांपुढे येते. कॅनडातील अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया आणि अमेरिकेतील मॉन्टाना येथील ज्या रस्त्यांविषयी मी बोलणार आहे, तिथे मुख्य कारण ते नव्हे. लाकूडतोडीसाठी किंवा तेलविहिरींसाठी काढलेले हे खडीचे रस्ते आहेत. त्यांवर वर्दळ बेताचीच, पण जिथे पायी जायचे कोणाच्या मनातही आले नसते, तिथे त्यांच्यामुळे बंदूकधारी माणूस गाडीतून आरामात पोहोचतो. कोणी चोरटी शिकार करतो, कोणी काळे अस्वल समजून ग्रिझलीवर गोळी झाडतो, तर एल्क या मोठ्या हरणाच्या मागावर असलेल्या कोणाची अस्वलाशी अचानक गाठ पडते आणि तो जीव वाचवण्यासाठी बंदूक चालवतो. बॅन्फ आणि योहो या कॅनडातील राष्ट्रीय उद्यानांतील जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा माणसांमुळे झालेले व ठिकाण नेमके ठाऊक असलेले जवळपास सगळे मृत्यू रस्त्यापासून ५०० मीटरच्या किंवा पायवाटेपासून २०० मीटरच्या आत घडल्याचे आढळले.

मग अस्वल रस्त्यापासून लांब का राहत नाही? वर्दळीचा रस्ता ते टाळतेच. कमी वर्दळीच्या रस्त्याची गोष्ट निराळी. रस्त्यासाठी झाडे तोडली की कडेला ऊन पडते, आणि उताराची माती धुपू नये म्हणून कित्येकदा तिथे क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीचे बी पेरले जाते. शीतनिद्रेतून उठलेल्या, पिल्लांना पाजणाऱ्या मादीला वसंतात ही कोवळी हिरवळ आयती मिळते. म्हणजे धूप थांबवण्याचा चांगला उपायच तिला बंदुकीच्या टप्प्यात आणतो.

त्यातून मादी पहिल्यांदा विते तीच मुळी पाच ते सात वर्षांची झाल्यावर. एका वेतात बहुधा दोन पिल्ले, आणि दोन वेतांत तीनएक वर्षांचे अंतर. त्यामुळे वर्षाकाठी थोड्याच माद्या जास्त मेल्या, तरी लहान समूहाला ती तूट भरून काढता येत नाही. अल्बर्टाने २०१० साली ग्रिझलीला संकटग्रस्त ठरवले; तिथल्या पुनर्वसन योजनेत मुख्य अधिवासासाठी चौरस किलोमीटरला ०.६ किलोमीटर ही खुल्या रस्त्यांची मर्यादा सुचवली आहे, ती याच हिशेबाने.

या मर्यादेतला ‘खुल्या’ हा शब्द मला फार सैल वाटतो. फाटकाला कुलूप लागले की रस्ता कागदावर बंद होतो; प्रत्यक्षात एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी चार चाकांची छोटी गाडी, फाटकाला वळसा घालून आत जाते. खरोखर बंद करायचा तर रस्त्याच्या तोंडाशी चर खणून मातीचा बांध घालावा लागतो, रस्त्याखालच्या मोऱ्या काढून टाकून ओढ्यांचे पात्र मोकळे करावे लागते आणि पृष्ठभाग उखडून झाडोरा वाढू द्यावा लागतो. याला पैसा लागतो. वणवा विझवायला रस्ता हवा, हा स्थानिकांचा आक्षेपही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

म्हणूनच सरसकट बंदीपेक्षा निवड महत्त्वाची ठरते. ब्रिटिश कोलंबियाच्या दक्षिणेकडील केटल-ग्रॅनबी भागात, जिथे मोटारींना रस्ते बंद केले होते, तिथे अस्वलांची घनता अधिक आढळली; आणि मुळात जिथे खाद्य भरपूर, तिथे रस्ते बंद केल्याचा लाभ सर्वांत मोठा असतो. तेव्हा पैसा थोडा असेल, तर हकलबेरी या रानफळाने लगडणाऱ्या उतारांवरचे रस्ते आधी उखडावेत, आणि नुसत्या दाट, खाद्यहीन पाइनच्या जंगलातले नंतर पाहावेत.