आधी हंगाम, मग आयडिया

(सांगलीतील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीने कनिष्ठ विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

आदरणीय प्राचार्य, सर, मॅडम आणि दोस्तांनो,

आपल्या इनोव्हेशन कौन्सिलची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पना आणि उद्योगांसाठी असलेल्या कॉलेजच्या मंडळाची यादी बघा. कॉम्प्युटरवाले भरपूर, कॉमर्सवालेही आहेत, पण बॉटनी-झूलॉजीचं कोणी शोधूनही सापडत नाही. का येत नाही म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "आमचं काय, बीएड नाहीतर एमपीएससी." बीएड वाईट नाही, माझ्या आईनं तेच केलंय. पण सांगलीत राहून जीवशास्त्र शिकणाऱ्यानं असं म्हणावं याचं मला नवल वाटतं. ज्या गावाचं मार्केट यार्ड हळदीवर आणि बेदाण्यावर चालतं, तिथं आपल्या विषयाला गिऱ्हाईक नाही?

तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे तुमच्यापैकी द्राक्षवाल्यांच्या घरात माहीत असतील. थॉम्पसन सीडलेसच्या वेलींत त्यांनी वेगळेपण हेरलं, ते कलमांनी वाढवलं आणि त्यातून 'तास-ए-गणेश' हे वाण आलं. आपण याला वेलीच्या डोळ्यातलं, म्हणजे अंकुरातलं उत्परिवर्तन (बड म्युटेशन) म्हणतो आणि परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहून मोकळे होतो. आर्वे शेतकरी होते आणि रोज बागेत होते, एवढंच त्यांचं भांडवल. आज असं काही कुणाच्या बागेत निघालं, तर 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर वाणाची नोंदणी करता येते. हा कायदा आपल्यातल्या किती जणांनी वाचलाय? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

आता कॉलेजात उद्योजकता म्हटली की काय होतं? दोन दिवसांची स्पर्धा. शनिवारी सकाळी आयडिया काढायची, रविवारी संध्याकाळी स्लाइड दाखवायच्या, ढाल घेऊन फोटो काढायचा. अ‍ॅपवाल्यांचं त्यात भागतं, त्यांचा नमुना दोन दिवसांत उभा राहू शकतो. हळद मात्र मे-जूनमध्ये लागते आणि निघायला जानेवारी उजाडतो. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. एखादा प्रयोग यंदा फसला तर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी. म्हणून आपण त्यांच्या शर्यतीत पळायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपलं काम हंगामाच्या हिशेबानं आखायचं आणि त्यातला एकच छोटा तुकडा उचलायचा.

आम्ही काही जणींनी उचललेला तुकडा सांगते. हळदीला कंदकुज लागते. पावसाळ्यात पाणी साचलं की पिथियमसारख्या बुरशा गड्ड्यात शिरतात, पानं कडेनं पिवळी होत वाळतात आणि झाड ओढलं की बुंध्यापासून सुटून हातात येतं. त्यावर शेतकरी दुकानातून ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पुडी आणतो आणि शेणखतात मिसळून टाकतो. या पावडरीच्या एका ग्रॅममध्ये जिवंत बुरशीचे किमान 20 लाख एकक असावेत, असं मानक आहे. पण हा जिवंत माल आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पुड्या पडून राहिल्या तर आत जिवंत किती उरलं? शेतकऱ्याला ते दिसत नाही, दुकानदारालाही नाही.

आपल्याला मात्र ते दिसतं. एक ग्रॅम पावडर नऊ मिली निर्जंतुक पाण्यात घालायची, त्यातलं एक मिली पुढच्या नऊ मिलीत, असं दर वेळी दहापट पातळ करत चार नळ्यांपर्यंत जायचं. चौथ्या नळीतलं 0.1 मिली रोझ बेंगाल अगारच्या, म्हणजे रोझ बेंगाल हा रंग घातलेल्या, बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या प्लेटवर पसरायचं. साधं अगार घेतलं तर ट्रायकोडर्मा इतका झपाट्यानं पसरतो की मोजायला काही उरत नाही. रोझ बेंगाल त्याला आवरतं. दोन-तीन दिवसांत पांढरे कापसासारखे ठिपके उमटतात, मग मधून हिरवे व्हायला लागतात. मानकाएवढा माल असेल तर प्लेटवर 20 च्या आसपास वसाहती दिसायला हव्यात. दोन-चारच दिसल्या, तर शेतकऱ्याचे पैसे मातीत गेले, आणि तेही लागणीच्या आधी कळलं.

यात नवं तंत्र काही नाही. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला तुम्ही हेच करता, फक्त तिथं नमुना मॅडम देतात. नवं एवढंच, की नमुना गिऱ्हाइकाचा आहे आणि त्याला उत्तर वेळेत हवंय. पैसे घ्यायचे का, यावर आमच्यात बरीच भांडणं झाली. मी म्हणते घ्यायचे, थोडे का होईना. फुकट मिळालेला रिपोर्ट ट्रॅक्टरच्या सीटखाली जातो.

आता जपून कुठं राहायचं ते. मोजून देणं वेगळं आणि बनवून विकणं वेगळं. ट्रायकोडर्मा विकायचा तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. होस्टेलच्या खोलीत पुड्या भरून गावाकडं विकणं म्हणजे उद्योजकता नव्हे, गुन्हा आहे. आपला रिपोर्ट शेतकऱ्याच्या माहितीसाठी असतो, सरकारी तपासणीची जागा तो घेत नाही. हे कागदावर छापूनच द्यायचं.

पेटंटच्या मागंही लगेच धावू नका. 1995 मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरून आणण्यावर पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढं ठेवून त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आजीला ठाऊक असलेली गोष्ट नवी ठरत नाही. दुसरीकडं, तुमच्याकडं खरोखर नवं काही असेल तर 'आविष्कार' या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेत पोस्टर लावण्याआधी मार्गदर्शकांशी बोला. आधी जगाला दाखवलं की नवेपणाचा दावा अडचणीत येतो. तात्पुरता अर्ज आधी करून ठेवला तर पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात.

बेदाण्याचं सविस्तर पुन्हा कधीतरी. एवढंच सांगते, की पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात द्राक्षं का बुडवतात, याचं उत्तर पहिल्या वर्षाच्या क्युटिकलच्या धड्यात आहे. सालीवरचा मेणाचा थर मोडला की पाणी लवकर बाहेर पडतं. कवठेमहांकाळकडच्या शेडवर एकदा जाऊन या, विचारायचे प्रश्न तिथंच सुचतील.

शेवटी प्राचार्यांसमोरच एक मागणी करते. शेतकरी ट्रायकोडर्मा घेतो मे-जूनमध्ये, आणि नेमकी मेमध्ये आपली लॅब कुलपात असते. आम्हाला निधी नको, ढाल तर नकोच. मे महिन्यात आठवड्यातून दोन दुपारी सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब उघडी मिळावी आणि ऑटोक्लेव्हजवळ, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राजवळ, एक शिक्षक असावेत, एवढंच हवंय. तसा अर्ज मी लिहून आणलाय, दारातल्या टेबलावर आहे. सुट्टीत सांगलीतच राहणाऱ्यांनी सही करताना पुढं आपला वार लिहा, म्हणजे पाळ्या आत्ताच लावता येतील.