पेवातलं राज्य आणि ओढ्यापलीकडचं राज्य

नमस्कार मंडळी.

हरिपूरची पेवं बघितलीत का कुणी? सांगलीकरांना सांगायला नको, पण लांबून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. वर जेमतेम एक माणूस उतरेल एवढं तोंड, खाली वीस-पंचवीस फूट खोल आणि आतनं रांजणासारखं फुगीर, त्यात हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही कारण आत हवाच खेळत नाही. आणि हवा नसते म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, बराच वेळ तोंड उघडं ठेवतात आणि मगच माणूस आत जातो. आमच्या आज्जीचं "पेवाकडं गेलास तर तंगडी मोडीन" हे वाक्य अजून तिच्याच आवाजात कानात आहे.

मग काय, आम्ही पेवात राज्यच वसवलं. उतरलो कधीच नाही हां, एवढी अक्कल होती. पण मी आणि माझा एक दोस्त, नाव घेत नाही कारण तो आज ऐकत असायची शक्यता आहे, आम्ही ठरवून टाकलेलं की सगळी पेवं आतनं एकमेकांना जोडलेली आहेत आणि एक भुयार कृष्णेच्या खालनं पार पलीकडं निघतं, आणि आत हळदीनं पिवळी झालेली माणसं राहतात, त्यांना वरचं सगळं ऐकू जातं, त्यामुळं पेवाच्या जागेवरनं जाताना चप्पल हातात घेऊन चवड्यांवर चालायचं. बाकीची पोरं क्रिकेट खेळायची आणि आम्ही दोघं जमिनीला कान लावून पडलेलो. येडी समजायचे लोक.

हे सगळं मी तीसेक वर्षं जवळजवळ विसरलो होतो. आता माझी पोरगी पाचवीत आहे, तिनं शाळेच्या लायब्ररीतनं एक इंग्लिश कादंबरी आणली, 'ब्रिज टू टेराबिथिया', कॅथरीन पॅटरसन या अमेरिकन लेखिकेची, १९७७ सालची. तिला इंग्लिश अजून जड जातं म्हणून रोज रात्री मी थोडं वाचायचं आणि तिला आपल्या मराठीत सांगायचं असं ठरलं. आधीच सांगतो, शेवट फोडणार आहे, त्याशिवाय बोलताच येत नाही या पुस्तकावर.

जेस नावाचा पोरगा, तोही पाचवीतलाच, व्हर्जिनियातल्या खेड्यात राहतो. चार बहिणी, दोन मोठ्या दोन धाकट्या, मधी हा एकटा. घरात पैशाची ओढाताण, बाप कामासाठी रोज लांब वॉशिंग्टनला जातो, गायीची धार काढायचं काम याच्याकडं. चित्रं भारी काढतो पण लपून, कारण बापाला पोरानं चित्रं काढणं म्हणजे बायकी वाटतं. (आपल्याकडं वेगळं आहे होय? माझा एक मामेभाऊ वहीच्या मागच्या पानावर बैल काढायचा, इतके जिवंत की शेपूट हलेल असं वाटावं, आणि मार खायचा. आज तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, असो.) तर या जेसची एकच इच्छा, शाळेत मधल्या सुट्टीच्या शर्यतीत पहिला यायचं. त्यासाठी सगळा उन्हाळा गायीच्या कुरणात पहाटे उठून पळतो. आणि शाळा सुरू होते, आणि शेजारी नवीन राहायला आलेली लेस्ली नावाची मुलगी, जिनं खरं तर त्या शर्यतीत पळायचंच नसतं कारण ती पोरांची शर्यत, ती पळते आणि सगळ्यांना मागं टाकते. यालासुद्धा.

इथनं दोस्ती सुरू होते, म्हणजे हरण्यापासून, हे मला फार आवडलं. लेस्लीचे आईबाप लेखक, घरात टीव्ही नाही. वर्गात टीव्हीवरचा कार्यक्रम बघून लिहून आणा असा होमवर्क मिळतो, ती सरळ सांगते आमच्याकडं टीव्ही नाही, आणि अख्खा वर्ग तिला हसतो. पुस्तकं मात्र ढीगभर. गावाबाहेर एक ओढा, त्यावर रानटी सफरचंदाच्या झाडाला कुणीतरी कधीतरी बांधलेला दोर. दोराला लोंबकळून झोका घ्यायचा आणि पलीकडं उतरायचं. पलीकडच्या रानात ही दोघं एक राज्य उभं करतात, राजा आणि राणी, फळ्या गोळा करून किल्ला. नाव टेराबिथिया. नाव तिनं दिलेलं. राजेराण्या कसं वागतात हे याला कुठं माहीत, तर ती त्याला स्वतःकडची पुस्तकं देते, घे, वाच.

आता इथं मला एक गोष्ट सांगायचीय. २००७ साली यावर सिनेमा आला, त्यात कॉम्प्युटरवर केलेले राक्षस आणि उडणारे प्राणी दिसतात. दिसायला छान आहेत पण माझ्या मते तिथंच घोळ झाला. पुस्तकात जादू नाहीच. एक टक्कासुद्धा नाही. चार फळ्या आहेत, पाइनच्या झाडांचं दाट बन आहे आणि एक पोरगी आहे जी बोलते, आणि ती बोलायला लागली की जेसला ते सगळं दिसायला लागतं. ती नसली आणि हा एकटा गेला की नुसतं रान. आमचंही तसंच होतं की. पिवळी माणसं सगळी माझ्या दोस्ताच्या डोक्यातली, मी आपला कान लावणारा. तो आजारी पडला की आठवडाभर पेव म्हणजे जमिनीतलं भोक.

नाताळात जेस तिला कुत्र्याचं पिल्लू देतो, राजपुत्र टेरियन नाव, लाडानं पी.टी. आपल्याला पी.टी. म्हटलं की शिट्टी वाजवणारे सर आठवतात, माझी पोरगी त्यावर इतकी हसली की त्या रात्री पुढं वाचणंच झालं नाही. लेस्ली जेसला रंगपेटी देते. बरोबर तीच गोष्ट जी घरचा कुणी देणार नव्हता.

मग ईस्टरच्या सुट्टीत पाऊस लागतो. थांबतच नाही. ओढ्याचं पाणी रोज वर. जेसला भीती वाटते पण तिला सांगायची लाज वाटते, ती तर दोर धरून मजेत पलीकडं जाते. हे आपल्याला इथं बसून वेगळं समजावून सांगायला नको. जुलै उजाडला की सांगलीत कुणीही कुणालाही भेटलं तर पहिला प्रश्न एकच, आयर्विनला किती फूट? म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलंय. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आकडे ऐकता ऐकता लोकांचे आवाज कसे बदलत गेले ते मी ऐकलंय. तसा या पोराचा आवाज बदलतो, पण आतल्या आत.

एका सकाळी त्याच्या आवडत्या संगीताच्या बाईंचा फोन येतो, वॉशिंग्टनला चित्रांचं म्युझियम बघायला येतोस का. तो अर्धवट झोपेतल्या आईला विचारतो आणि जातो. लेस्लीला विचारावं, बाईंना म्हणावं तिलाही घेऊ, हे त्याला गाडी बरीच पुढं गेल्यावर सुचतं, आणि खरं सांगायचं तर बाईंबरोबर आपण एकटेच आहोत याचा त्याला आनंदच होतो. आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस. घरी येतो तर सगळे पांढरेफटक. दोर तुटला. लेस्ली ओढ्यात पडली. गेली.

पोरगी उठून बसली. मी म्हटलं उद्या वाचू. ती म्हणाली, नाही, आत्ता.

पुढचा भाग मी कुठल्याच लहान मुलांच्या पुस्तकात वाचला नव्हता. तो रडत नाही. खोटं आहे म्हणतो, पळत सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याला पॅनकेक करून देते तर तो मन लावून खातो, बहीण म्हणते तुला काहीच कसं वाटत नाही. लेस्लीवर चिडतो, मेलीच कशी म्हणून. तिनं दिलेले रंग ओढ्यात फेकून देतो. आणि तो बाप, चित्रांवरनं तोंड वाकडं करणारा, मागनं येतो आणि त्याला जवळ घेऊन बसतो. आपल्याकडं अशा वेळी दहा माणसं गोळा होऊन "देवाची मर्जी" म्हणतात आणि पोराला बाहेर खेळायला पाठवतात. माझ्या लहानपणी तरी असंच होतं.

हे लेखिकेनं हवेतनं काढलेलं नाही. तिचा मुलगा डेव्हिड आठ वर्षांचा होता तेव्हा, १९७४ च्या उन्हाळ्यात, लिसा नावाची त्याची जिवलग मैत्रीण वीज पडून गेली. पुस्तक त्याच्यासाठी लिहिलं आणि त्यानं वाचल्यावर आईला सांगितलं की अर्पणपत्रिकेत लिसाचंही नाव घाल. ते घातलेलं आहे. पुढं १९७८ ला या पुस्तकाला न्यूबेरी मेडल मिळालं, तिकडचा बालसाहित्याचा सगळ्यात मोठा मान, आणि तरी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी पालकांनी हे शाळेतनं काढा म्हणून तक्रारी केल्या. कुणाला त्यातली भाषा खटकली, आणि कुणाचं म्हणणं मुलांना मरण दाखवायचं नाही म्हणे. ज्यांनी मरणावरनं तक्रार केली त्यांच्या घरात कधी कुणी गेलंच नसेल बहुतेक.

शेवटी जेस काय करतो, तर फळ्या आणतो आणि ओढ्यावर पूल बांधतो. दोर नाही, पूल. धाकटी बहीण मे बेल त्याच्या मागंमागं यायची, आधी एकदा आडव्या पडलेल्या ओंडक्यावर मधोमध अडकून थिजली होती. तिला पुलावरनं पलीकडं नेतो, डोक्यावर फुलं घालतो, आणि त्या पलीकडच्या रानाबद्दल पहिल्यांदा तो स्वतः बोलायला लागतो. आधी कायम लेस्ली बोलायची आणि हा बघायचा.

संपल्यावर पोरगी गप्प. मला वाटलं रडणार. तिनं विचारलं, "पप्पा, पी.टी. कुणाकडं गेला?" लेस्लीच्या वडिलांकडं. ते गाव सोडून जाताना जेसला म्हणतात की तुलाच देणार होतो रे, पण माझ्यानं सोडवत नाही. तिला ते पटलं नाही, तिच्या मते जेसला द्यायला पाहिजे होता. अजून भांडते त्यावरनं.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही ती म्युझियमच्या दिवसामुळं. कारण सहावीत असताना मी एकदा काकांबरोबर कोल्हापूरला गेलो होतो, खासबागेत कुस्त्या बघायला. दोस्ताशी ठरलेलं होतं की संध्याकाळी संगमेश्वराच्या देवळापाशी नदीच्या घाटावर भेटायचं, भुयाराचा नकाशा पूर्ण करायचा. मी सांगितलंच नाही, आणि गाडीत बसल्यावर आठवलं तेव्हा बरंच वाटलं, की काका मला एकट्यालाच नेतायत. तो अंधार पडेपर्यंत घाटावर बसून होता असं त्याच्या आईनं नंतर आमच्या आईला सांगितलं. झालं काहीच नाही. पाणी नव्हतं, पाऊस नव्हता. पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांची बदली झाली आणि ते लोक गेले. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, कितीतरी खराब झाली, तेव्हा एकदा त्याची आठवण आली होती पण नंबर नव्हता.

आता नंबर मिळवला आणि फोन केला. पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" मी म्हटलं बाबा उन्हाळा आहे. मग हे पुस्तक सांगितलं, लेस्लीचं सांगितलं, आणि शेवटी घाटाचंही सांगून टाकलं, सॉरी म्हटलं. बराच वेळ पलीकडनं आवाज नाही. मग म्हणाला, "घाटावर बसलेलो ते काय मला आठवत नाही. पण तू कोल्हापूरला जाऊन आलास आणि येताना माझ्यासाठी काहीसुद्धा आणलं नाहीस, ते बरोब्बर आठवतंय."