निबंधाचं वजन किती?

(राळेगाव तालुक्यातल्या एका गावात बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कापूस वेचणीचे दिवस आहेत, तरी एवढी माणसं आली. म्हणून फार फिरवून सांगत नाही.

इथं बसलेल्या बहुतेक पोरापोरींना प्रवेशासाठी निबंध लिहावाच लागणार नाही. इंजिनिअरिंगला सीईटी, डॉक्टरीला नीट. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या प्रवेशफेरीत, पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि पसंतीक्रम पाहतात. ‘तुला इंजिनिअर कायले व्हायचं?’ असं कोणी विचारत नाही. मला त्यात वाईट वाटत नाही. ज्या कास्तकाराची कुठं ओळख नाही, त्याच्या पोराला ती गुणवत्ता यादी मोठा आधार आहे.

ज्यांना बाहेरदेशी अर्ज करायचा आहे, ते मात्र कान देऊन ऐका. अमेरिकेतली हजाराच्या वर कॉलेजं कॉमन अ‍ॅप नावाचा एकच अर्ज घेतात. त्यात 250 ते 650 शब्दांचा निबंध असतो. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचा अर्ज वेगळा: आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे, प्रत्येकी 350 शब्दांच्या आत. इंग्लंडमध्ये 4,000 अक्षरांची मर्यादा, आणि 2026 च्या प्रवेशापासून तीन ठरावीक प्रश्न. तिथं तुमच्या जीवनकहाणीपेक्षा हा विषय का निवडला आणि त्याची तयारी काय केली, हे विचारतात. एकच निबंध दोन्हीकडे खपवणारे पोट्टे मी पाहिले आहेत. तसं चालत नाही.

वजन किती? अमेरिकेतल्या प्रवेश अधिकाऱ्यांच्या संघटनेची पाहणी होते. त्यात मार्क आणि अवघड विषय घेतले की नाही, हे सगळ्यात वर येतं. निबंधाला फार महत्त्व देतो म्हणणारं कॉलेज साधारण पाचांत एक. म्हणजे साठ टक्केवाल्याला निबंध तारेल, हे डोक्यातून काढा. पण जिथं हजारो अर्ज येतात आणि सगळ्यांचेच मार्क पंच्याण्णवच्या वर असतात, तिथं मार्क पाहून निवडणार कसं? तिथं निबंध वाचतात.

आणखी एक. आपण जातीचं प्रमाणपत्र जोडतो, त्याच्या जागा ठरलेल्या असतात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं जून 2023 मध्ये प्रवेश देताना वंश मोजायला मनाई केली. पण त्या वंशामुळे आयुष्यात काय घडलं, हे उमेदवारानं स्वतः लिहिलं तर ते वाचता येईल, असंही निकालात म्हटलं. जे आधी रकान्यात होतं, ते आता निबंधात उतरवावं लागतं.

आता आपली गोष्ट. मागं एक पोरगा निबंध घेऊन आला. पहिलीच ओळ: ‘मी शेतकरी आत्महत्यांच्या भूमीतून येतो.’ दुष्काळ, कर्ज, आईचे अश्रू. मी विचारलं, ‘बाबा कुठं आहे तुझा?’ म्हणे, ‘जिनिंगवर गेला, कापसाची गाडी घेऊन.’ बाप धडधाकट, आणि पोरगा निबंधात त्याला अर्धा मारून बसलेला! कोणीतरी शहरातल्या माणसानं पैसे घेऊन तसं लिहायला सांगितलं होतं.

मी कागद बाजूला ठेवला. म्हटलं, जिनिंगवर तू काय करतोस? तेव्हा तो बोलायला लागला. ‘सर, सकाळच्यान कापूस भरला का मीटर बारा दाखवते. दुपारून भरला का दहा.’ सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, आठ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापते आणि बाराच्या वर गेला की कापूस घेतच नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. या पोरानं दोन हंगाम वहीत आकडे लिहिले होते: किती वाजता भरला, दव होतं का, ताडपत्री कोणती, मीटर किती. शेवटी बाबाला म्हणाला, उन्हं वर आल्याशिवाय बैलबंडी भरू नको. बाबा आधी चिडला. ‘काट्यावर रांग तू लावशील का?’ मग ऐकलं.

हे त्याच्या निबंधात एका ओळीतही नव्हतं. त्याला वाटलं, यात काय लिहिण्यासारखं!

आम्ही तेच लिहिलं. आधी वऱ्हाडीत, मग इंग्रजीत. चार खर्डे झाले. इंग्रजी साधंच राहू दिलं, कारण सतरा वर्षांचं पोरगं प्राध्यापकासारखं लिहायला लागलं की वाचणाऱ्याला शंका येते. आता तर मशीनही लिहून देते. पण ताडपत्रीखालच्या कापसाला घाम येतो, हे सांगितल्याशिवाय तिला सुचणार नाही.

तो लागला का, हे तुम्ही विचारणारच. दोन कॉलेजांनी नाही म्हटलं. एकानं घेतलं, पण शिष्यवृत्ती अपुरी दिली, आणि उरलेली रक्कम वावर विकूनही जमली नसती. परदेशी पोरांच्या घरचा पैसा न पाहता प्रवेश देणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच आहेत. अर्ज करण्याआधी हा हिशोब करा. मी तेव्हा उशिरा केला, चूक माझी.

तो आता अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, सीईटीच्या मार्कांवर. ती वही धाकट्या बहिणीकडे आहे, यंदाचे आकडे ती लिहिते. ती इथंच बसली आहे, पण नाव सांगू नका म्हणाली.