वाटेवरची मीटिंग

(दृश्य: ठाणे स्टेशन, संध्याकाळ. ट्रान्स-हार्बरच्या फलाटांवरची गर्दी.)

संध्याकाळचे सात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या सुटल्यात. रबाळे, घणसोली, तुर्भ्याहून आलेली गाडी रिकामी होतेय. या गर्दीतल्या काही जणांसाठी पुढची पंधरा मिनिटं दिवसभरातली सगळ्यात अवघड असतात. स्टेशनबाहेर रिक्षा स्टँड, वडापावची गाडी आणि लगेच परमिट रूम. सकाळपासून नेटाने काढलेला दिवस इथे हातचा जातो.

दारू सोडायचं ठरवलेल्या माणसाला उपदेश भरपूर मिळतो. या वेळेला टेकायला जागा मात्र कोणी देत नाही. अशा जागा ठाण्यात आहेत, नवी मुंबईत आहेत. त्या सापडाव्यात, एवढ्यासाठी ही फिल्म.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना. सगळे नुसतं 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पुरते पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले. पिणाऱ्याचं दुःख पिणाराच ऐकू शकतो, हे तिथे उमगलं. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे. फी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सभासद होण्याची अट. खोलीचं भाडं, चहापाणी सभासदांच्याच वर्गणीतून निघतं. बाहेरची देणगी, कितीही मोठी असो, घेत नाहीत.

(दृश्य: शाळेचा वर्ग. बाकं सरकवणारे हात. चेहरे नाहीत.)

चेहरे आम्ही दाखवणार नाही. सभासदाची ओळख माध्यमांत येऊ द्यायची नाही, हा एएचा दंडक आहे आणि तो आम्हाला मनापासून पटतो. मीटिंग सुरू झाली की कॅमेरा बाहेर.

फळ्यावर सकाळच्या वर्गातली गणितं तशीच आहेत. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसलीत. चहा येतो. सगळ्यांना कप भरून, दाराजवळ बसलेल्या नव्या माणसाला मात्र अर्धाच. त्याचा हात थरथरतोय. भरला कप हिंदकळला, चार जणांनी वळून पाहिलं, तर तो उठून चालू पडेल, हे चहा देणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

मग एकेक जण बोलतो. याला शेअरिंग म्हणतात. आधी नाव, तेही फक्त पहिलं; मग 'मी मद्यपी आहे'; आणि पुढे स्वतःचीच हकीकत. पगाराच्या दिवशी पाय कुठे वळले, बायकोचे दागिने कधी गहाण पडले, पोरगी का बोलेनाशी झाली. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ले देत नाही. नव्या माणसाने बोललंच पाहिजे असं नाही. नुसतं बसलं तरी तो तास निभावतो, आणि त्या संध्याकाळी तेवढंच हवं असतं. पुढे एखादा जुना सभासद स्पॉन्सर होतो. तलफ आली की त्याला फोन लावायचा. मध्येच कोणी पुन्हा प्यायला, तरी त्याला दार बंद नसतं.

'ओळखीचं कोणी भेटलं तर?' पहिली भीती हीच. म्हणून कोपरखैरणेचा माणूस ठाण्याची मीटिंग धरतो आणि ठाण्याचा कोपरखैरणेची. सुरुवातीला तसं करायला काहीच हरकत नाही. पण आमचं ठाम मत असं की भीड चेपली की घराच्या वाटेवरची मीटिंग धरावी. बार वाटेवरच असतो. मीटिंग आडवाटेला असेल, तर पावसात गाड्या रखडल्या की पहिल्यांदा तीच बुडते.

पत्ते एएच्या संकेतस्थळावर आणि हेल्पलाइनवर मिळतात. तरी निघण्याआधी फोन करून खात्री करा, कारण जागा आणि वेळा बदलत राहतात. मीटिंग मराठीत आहे की हिंदीत, विचारा. ओपन की क्लोज्ड, तेही विचारा: ओपनला घरचे येऊ शकतात, क्लोज्डला फक्त ज्यांना दारू सोडायची आहे ते. कुठला जिना, कितवा मजला, हेसुद्धा लिहून घ्या. अंधारात आवारात चाचपडणारा माणूस अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली, तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर. मीटिंग हा औषधाला पर्याय नाही. आणि पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेल्यालाही, घरी परतल्यावर पुढची प्रत्येक संध्याकाळ इथेच काढायची असते.

(दृश्य: जिन्यात काढलेल्या चपला. आतून बायकांचे आवाज.)

घरच्यांसाठी अल-ॲनॉन हा वेगळा गट आहे. नवऱ्याच्या बाटल्या शोधून मोरीत ओतणाऱ्या, ऑफिसात 'त्यांना ताप आलाय' म्हणून फोन करणाऱ्या बायका इथे पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलतात. भाऊ, आईवडील, मुलंही येतात. नवऱ्याने दारू सोडलेली असो वा नसो, त्याला यायचं असो वा नसो, बायको एकटी येऊ शकते. त्याला विचारावं लागत नाही.