सत्तरचं दशक, वीस गाण्यांत

(श्रोत्यांच्या मासिक बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. ‘सत्तरच्या दशकातली सुपरहिट इंग्रजी गाणी’ असं काहीतरी लिहिलेली एक तरी सीडी किंवा कॅसेट तुमच्या घरी असणारच. कपाटात नसेल तर गाडीच्या कप्प्यात असेल, चष्म्याच्या घराखाली. आज मला तिच्याबद्दल बोलायचंय. आपल्याला जे दशक आठवतं ते अशा संग्रहांनी ठरवलेलं असतं. ते कसं ठरवलं जातं आणि त्यातून काय गळतं, हे मी आज मांडणार आहे. पण तिथे पोचण्याआधी थोडं दुकानात जाऊन येऊ.

ऐंशीच्या दशकात मी कॉलेज करून संध्याकाळी ठाण्याला एका कॅसेटच्या दुकानात बसायचो. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असलेली दुकानं तुम्हाला आठवत असतील. गिऱ्हाईक यादी आणायचं, आम्ही रेकॉर्डवरून किंवा दुसऱ्या कॅसेटवरून गाणी भरून द्यायचो. हा सगळा व्यवहार परवान्याविना चालायचा, हे आज कबूल करायला हवं. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची म्हणजे पंचेचाळीस. यादी नेहमी कॅसेटपेक्षा लांब. मग शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. तरी काही लोक म्हणायचे, “तुटू दे, पण टाका.” संग्रह करणाऱ्याचा सगळा पेच त्या एका वाक्यात आहे. वेळ ठरलेली आणि गाणी जास्त.

एक मुलगा ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचा १९७१ ते १९७५ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ भरून घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तावातावाने परत आला. “यात हॉटेल कॅलिफोर्निया नाहीये!” मी त्याला तारखा सांगितल्या. तो संग्रह फेब्रुवारी १९७६ चा आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ डिसेंबर १९७६ चा. त्याला पटेना. हिट गाण्यांच्या संग्रहात सगळ्यात मोठं हिट गाणं नाही, असं कसं? अमेरिकेतल्या अधिकृत प्रमाणीकरणात २०१८ मध्ये या संग्रहाच्या ३ कोटी ८० लाख प्रती धरल्या गेल्या, तिथे त्याच्यावर कुणी नाही. म्हणजे जगभर किती जणांनी हेच भांडण केलं असेल बघा. (हशा)

असे संग्रह विकण्याच्या धंद्याचा मूळपुरुष म्हणाल तर कॅनडाचा फिल काइव्हज. सॅस्कॅचेवानच्या शेतकरी घरातला माणूस, विनिपेगला राहून टीव्हीवर जाहिरात करून तवे आणि सुऱ्या विकायचा. १९६६ मध्ये त्याने त्याच पद्धतीने पंचवीस कंट्री गाण्यांची एक तबकडी विकली. त्यातूनच पुढे त्याची ‘के-टेल’ ही कंपनी गाजली. एका तबकडीवर वीस-बावीस गाणी, आणि जाहिरातीत कानात ओतलं जायचं की ही मूळ गाणी, मूळ गायकांची. आता एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं नीट मावतात. त्याहून जास्त कोंबायची तर खाचा जवळजवळ घ्याव्या लागतात, मग आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि खर्जाला कात्री लावावी लागते. तेवढ्यानेही भागलं नाही की गाणीच कापायची. एखादं कडवं गायब, शेवट लवकर विरून जातो. ज्यांनी ती गाणी फक्त के-टेलच्या तबकडीवर ऐकली त्यांना तीच पूर्ण वाटतात. आमच्या दुकानात निदान विचारलं जायचं, तुटकं चालेल का म्हणून.

ब्रिटनमध्ये त्याच सुमारास वेगळाच प्रकार. १९६८ पासून ‘हॉलमार्क’ कंपनी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ नावाच्या स्वस्त तबकड्या काढायची. मुखपृष्ठावर हसरी मुलगी, आत त्या आठवड्यांची हिट गाणी, पण गाणारे मूळ गायक नव्हेत. स्टुडिओतले रोजंदारीवरचे गायक, ज्यांची नावं कुठेच नाहीत. प्रसिद्ध होण्याआधी एल्टन जॉन या ब्रिटिश गायकानेही अशा स्वस्त तबकड्यांसाठी दुसऱ्यांची गाणी गायली आहेत. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अशा तबकड्या अल्बमच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेल्या. १९७२ च्या सुरुवातीला स्वस्त तबकड्यांना त्या यादीतून बाहेर काढलं. पण त्या निदान फसवत नव्हत्या. किंमत बघूनच कळायचं.

फसवणूक कशी होते ते माझ्या दादाच्या गोष्टीतून सांगतो. यातला विक्रेता आणि कंपनी मी सांगणार नाही, गाण्याचंही नाव सांगणार नाही. ते नाव घेतलं की तुम्ही ते मनात गुणगुणायला लागाल आणि माझं ऐकणार नाही.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. सत्तरच्या दशकात सांगलीला हॉस्टेलवर होता. खोलीत चौघं, रेडिओ एक आणि मेसचं बिल कायम थकलेलं. त्या दिवसांतलं एक गाणं त्याच्या काळजात बसलेलं. साधं गाणं, तीन मिनिटांचं. त्यात दुसरं कडवं सुरू होण्याआधी गायक श्वास घेतो तो ऐकू येतो. दादा म्हणायचा, “तो श्वास आला की मला सांगलीच्या खोलीचा वास येतो.” मी लहान होतो, मला त्यात काही वाटायचं नाही. पुढे दादाने नाशिकला नोकरी धरली, संसार, मुलं, आणि ते गाणं त्याच्याजवळ कुठल्याच रूपात उरलं नाही. रेडिओवर कधीतरी लागायचं तेवढंच.

त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी तीन सीडींचा एक संच घेतला. सत्तरची हिट गाणी, साठ. मागच्या यादीत ते गाणं, समोर त्याच गायकाचं नाव, वर त्या काळचे केस वाढवलेले फोटो. मी खूश. नाशिकला पोचलो, वहिनीने औक्षण केलं, जेवणं झाली, आणि मी सीडी लावली. सगळे गप्प बसले. गाणं सुरू झालं. गिटार तीच, चाल तीच, आवाज त्याचाच. पण ढोल... ते ढोल माणसाने वाजवलेले नव्हते. आवाजात वय होतं. आणि दुसऱ्या कडव्याआधी श्वास नाही! तिथे मागे कुणीतरी कोरस घातला होता. दादा शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, “माणूस तोच आहे रे. पण हा तो दिवस नाही.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, छान आणलंस.

मला ते लागलं. रात्री भिंग घेऊन बसलो. वेष्टनाच्या मागे, बारकोडच्या शेजारी, करड्यावर करडी अक्षरं : यातली काही गाणी मूळ कलाकारांनी नव्याने ध्वनिमुद्रित केली आहेत. कुठली, ते नाही. केव्हा, ते नाही. मुंबईला परतल्यावर दुकानात गेलो. विक्रेता शांतपणे म्हणाला, “साहेब, गायक तोच आहे ना? मग?”

त्या “मग?”चं उत्तर शोधण्यात माझी पुढची कितीतरी वर्षं गेली. ते असं आहे. गाण्याचे हक्क दोन. शब्द आणि चाल यांचा हक्क एकीकडे, बहुतेक वेळा प्रकाशकाकडे. आणि त्या विशिष्ट दिवशी, विशिष्ट खोलीत झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क दुसरीकडे, बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे. संग्रह काढणाऱ्याला दोन्हींचा परवाना लागतो. मूळ मुद्रणाचा परवाना महाग पडतो किंवा मिळतच नाही. पण गायकाच्या करारात साधारण काही वर्षांची अट असते, की तेच गाणं दुसऱ्यासाठी गायचं नाही. ती मुदत संपली की तो पुन्हा गाऊ शकतो, आणि त्या नव्या मुद्रणाचे पैसे त्याच्या हातात पडतात. आता सांगतो, गायकावर माझा अजिबात राग नाही. त्या पिढीतल्या कितीतरी गायकांना त्यांच्या गाजलेल्या मुद्रणाचे हक्काचे पैसे धड मिळाले नाहीत. म्हातारपणी त्यांनी पुन्हा गाऊन चार पैसे मिळवले तर ते न्यायाचंच आहे. राग आहे तो करड्या अक्षरांवर.

आणि हे नीट करता येतं! टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेने २०२१ पासून आपले जुने अल्बम पुन्हा गायले. कारण तेच, मूळ मुद्रणं तिच्या हातात नव्हती. पण तिने नावातच लिहिलं, ‘टेलर्स व्हर्जन’. करोडो मुलांना त्यामुळे कळलं की गाणं वेगळं आणि ध्वनिमुद्रण वेगळं. माझ्या भाचीला हे मला समजावून सांगावं लागलं नाही, तिनेच मला सांगितलं. आपल्याकडेही कायदा याबाबतीत शहाणा झालाय. कॅसेटच्या काळात रफीसाहेबांची, लताबाईंची गाणी दुसऱ्या आवाजात सर्रास विकली जायची, आणि घरी येईपर्यंत कळायचं नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ३१सी हे कलम आलं. आता मूळ मुद्रणानंतर पाच कॅलेंडर वर्षं झाल्याशिवाय असं गाणं काढता येत नाही, वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र लावून गोंधळ करता येत नाही, आणि हे दुसऱ्याने केलेलं रूप आहे असं लिहावं लागतं. दादाच्या सीडीला हे कलम थेट लागू पडलं नसतं, कारण गायक तोच होता. पण त्यामागचा विचार माझाच आहे असं मला वाटतं.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, मग पांचगणी गाळतो. नाही, एक वाक्य सांगतोच. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त विकला गेलेला अल्बम हाही संग्रहच, क्वीन या ब्रिटिश बँडचा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’. आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड केला. पांचगणीला गेलात की नुसती स्ट्रॉबेरी खाऊन परत येऊ नका.

आता मुख्य मुद्दा, भराभर. संग्रहात काय येतं? ज्याचा परवाना मिळतो ते, आणि जे एकेरी तबकडी, म्हणजे ‘सिंगल’, म्हणून निघालं होतं ते. यातून सत्तरच्या दशकाचा केवढा भाग निसटतो बघा. लेड झेपेलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’, १९७१, आठ मिनिटांचं, अमेरिकेत एकेरी तबकडी म्हणून विक्रीला आलंच नाही, आणि या बँडने आपली गाणी अशा मिश्र संग्रहांना देणं जवळपास टाळलं. पिंक फ्लॉइड या बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ चा, १९८८ पर्यंत अमेरिकेच्या अल्बम यादीत ७४१ आठवडे होता. तो तुकड्यांत ऐकायचाच नाही. म्हणजे जे दशक अख्ख्या अल्बमचं होतं, ते आपल्याला तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतून आठवतं. उलटही होतं. ‘ऱ्हायनो’ कंपनीने १९९० पासून सत्तरच्या गाण्यांचे पंचवीस भाग काढले, त्यात एकच हिट देऊन विसरले गेलेले कितीतरी लोक जिवंत राहिले. हे पुण्याचं काम आहे.

१९८३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘व्हर्जिन’ आणि ‘ईएमआय’ या दोन स्पर्धक कंपन्यांनी हात मिळवून ‘नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक’ काढलं. दोन एलपी, तीस गाणी, सगळी मूळ. नाव आलं डॅनिश बेकनच्या जुन्या जाहिरातीवरून, जी व्हर्जिनच्या कचेरीत लावलेली होती. ती मालिका इतकी वरचढ झाली की १९८९ च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये संग्रहांची वेगळी यादी करावी लागली. पण ‘नाऊ’ चालू महिन्यांची गाणी देत होतं. ते तेव्हाच गोळा केलेलं आहे, म्हणून आज ऐंशीचं दशक समजून घ्यायला तेच जास्त खरं. नंतर निवडलेल्या संग्रहात नंतरची आवड शिरते.

आणि मला सर्वांत प्रिय संग्रह, १९७२ चा ‘नगेट्स’. लेनी के या तरुण समीक्षकाने ‘इलेक्ट्रा’ कंपनीसाठी केला. साठच्या दशकातली सत्तावीस गाणी, बहुतेक गॅरेजमध्ये वाजवणाऱ्या पोरांची. सोबत त्याने टिपणं लिहिली, कोण, कुठले, काय झालं. त्या टिपणांत त्याने ‘पंक रॉक’ हे शब्द वापरले, पंक नावाचं बंडखोर संगीत यायच्या काही वर्षं आधी. पुढच्या पोरांनी तो संग्रह ऐकून बँड काढले. संग्रह करणं म्हणजे टीका करणं, तेही मूळ मुद्रण समोर ठेवून, हे त्याने करून दाखवलं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक गाण्यासमोर तीन गोष्टी : मुद्रणाचं वर्ष, मूळ की नवं, आणि पूर्ण की कापलेलं. सीडीवर असो वा फोनवरच्या यादीत. फोनवर तर हे फारच बिघडलंय. तिथे नव्या मुद्रणाला जुनं चित्र लावलेलं असतं आणि करडी अक्षरंसुद्धा नसतात.

पुन्हा चिठ्ठी. थांबतो. फक्त एक करा, दिवे जरा कमी करा. दादाचं गाणं मी अखेर एका जुन्या तबकडीवर मिळवलं, तो गेल्यावर दोन वर्षांनी. आधी नवं लावतो, मग ते. दुसऱ्या कडव्याच्या आधी, कृपया कुणी बोलू नका.