दोन काळ्या पट्ट्यांचे झुरळ

श्रोतेहो, रात्री दिवा लावताच ओट्यावरून सरसर पळणारे बारीक तपकिरी झुरळ म्हणजे मोरीतल्या मोठ्या झुरळाचे पिल्लू, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. तो आधी दूर व्हायला हवा, कारण या दोन वेगळ्या जाती आहेत आणि एकीवरचा उपाय दुसरीवर वाया जातो.

मोरीतले लालसर अमेरिकन झुरळ चार सेंटिमीटरपर्यंत वाढते, तर ओट्यावरचे जर्मन झुरळ पूर्ण वाढूनही जेमतेम दीड सेंटिमीटर भरते. पण खरी खूण लांबीत नाही. पूर्ण पंख फुटल्यावर झुरळाची वाढ थांबते, त्यामुळे लहान असूनही ज्याचे पंख पोटाच्या टोकापर्यंत पोचले आहेत, ते पिल्लू असूच शकत नाही. मेलेले झुरळ पांढऱ्या कागदावर पालथे ठेवून भिंगातून पाहा. डोक्यावर आलेल्या ढालीवर दोन गडद, समांतर उभे पट्टे स्पष्ट दिसतील. याची पिल्ले काळपट आणि बिनपंखांची असून त्यांच्या पाठीच्या मधोमध फिकट पट्टा असतो.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ साली युरोपात या जातीला जर्मनीचे नाव दिले खरे, परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ती सुमारे २१०० वर्षांपूर्वी, भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, आशियाई झुरळापासून वेगळी झाली. आशियाई झुरळ उघड्यावर राहते, उडते आणि दिव्याकडे झेपावते. हे मात्र पंख असूनही उडत नाही, उजेड टाळते आणि माणसाच्या घराचाच आसरा धरते.

त्याचा बंदोबस्त इतका अवघड का, याचे उत्तर मादीकडे पाहिल्यावर मिळते. पोटाच्या टोकाला अडकलेली, तीस-चाळीस अंड्यांची फिकट पेटी ती पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन ते चार आठवडे, सोबत वागवते. अंड्यांना लागणारा ओलावा तिच्याच शरीरातून मिळतो. या काळात ती फ्रिजच्या मोटरीमागे, कपाटाच्या बिजागरीत, शेगडीखाली दडून राहते आणि फारशी बाहेर येत नाही. ओट्यावर मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या नेहमीच्या फवाऱ्यांना ही झुरळे अनेक ठिकाणी दाद देईनाशी झाली आहेत.

म्हणून विषारी आमिषाच्या जेलचे बारीक ठिपके थेट त्या फटींजवळ लावणे मला अधिक योग्य वाटते. ते खाल्लेल्या झुरळाची विष्ठा लपणीतली पिल्ले खातात आणि अशा रीतीने काही विषे बाहेर न पडणाऱ्यांपर्यंतही पोचतात. जेलवर किंवा त्याच्या आसपास फवारा मात्र मारू नये, कारण त्या वासाने झुरळे आमिषाला तोंड लावत नाहीत. जेल लावूनही झुरळे हटत नसतील, तर वेगळ्या प्रकारचे आमिष वापरून पाहावे. काही ठिकाणच्या झुरळांना आमिषात गोडीसाठी असणारे ग्लुकोज कडू लागते आणि ती ते टाळतात, हे २०१३ मध्ये प्रयोगांनी दाखवले गेले आहे.

घरात दम्याचा त्रास असलेले मूल असेल, तर झुरळे मेल्यावरही काम उरते. त्यांची विष्ठा, कात आणि शरीराचे तुकडे यांतली ॲलर्जी उठवणारी प्रथिने धुळीत टिकून राहतात, म्हणून फ्रिज व शेगडी हलवून मागची जागा कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून काढावी.