दहा वाक्यं, पाच माणसं

(दृश्य: ठाणे स्टेशन, सकाळची गर्दी. लोकलच्या दाराशी रोजचा ग्रुप.)

निवेदन:
या ग्रुपमधल्या अनेकांनी एकमेकांची घरं पाहिलेली नसतात. पण चौथ्या सीटवरून कोण भांडतो आणि कोण न मागता उठून जागा देतो, हे सगळ्यांना पाठ असतं. घरच्यांना त्याच माणसाचं दुसरंच रूप ठाऊक. त्याचं स्वतःचं मत तिसरंच.

खरं कुणाचं? ते गुणागणिक बदलतं. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१० साली स्वतःचं मत, मित्रांचं मत आणि अनोळखी लोकांचं मत प्रत्यक्ष वागण्याशी ताडून पाहिलं. चिंता, धाकधूक यांत स्वतःचं मत जास्त जुळलं. साहजिक आहे, ती पोटात असते. बुद्धीच्या बाबतीत मित्र सरस ठरले, कारण तिथे आपलाच अहंकार आडवा येतो. बोलका कोण, हे मात्र अनोळखी माणसालाही कळतं.

(दृश्य: तलावपाळीचा कट्टा. कागद, पेन, पाकिटं.)

हीच तुलना घरी करून पाहायला २००३ ची गॉसलिंग, रेंटफ्रो आणि स्वान यांची दहा वाक्यांची प्रश्नावली पुरते. स्वभावाचे पाच गुण, प्रत्येकी दोन वाक्यं: एक सरळ, एक उलट. ‘भरवशाचा, शिस्तीचा’ हे सरळ, तर ‘अव्यवस्थित, निष्काळजी’ हे उलट. प्रत्येक वाक्याला १ ते ७ मधला आकडा. उलट वाक्याचा आकडा ८ मधून वजा करायचा, मग दोन्हींची सरासरी. सरळला ६, उलटला ३ दिले असतील, तर ३ चे होतात ५ आणि सरासरी येते साडेपाच. ही वजाबाकी विसरली की शिस्तीचा माणूसही मधल्या आकड्यावर येऊन बसतो.

आधी स्वतःचा कागद भरून पाकिटात बंद करा. मग तोच कागद तुमच्याबद्दल भरायला पाच जण निवडा: घरातला एक, ऑफिसचे दोन, शाळेपासूनचा एक, आणि ट्रेनमधला एक. खरी गडबड इथेच होते. आपण हटकून आपल्यावर माया करणारेच निवडतो, आणि सगळीकडे सहा-सात येतात. एखादा तरी असा घ्या ज्याच्याशी तुमचं कधीतरी वाजलंय. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर विचारूच नका. पहिल्याने लिहिलं की बाकीचे त्याचीच री ओढतात. पाचच कागद असले की अक्षरावरून माणूस ओळखू येतो, म्हणून सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या, फक्त आकड्यावर गोल करायला सांगा, आणि कागद तिसऱ्याच माणसाला गोळा करू द्या. कोपऱ्यात मात्र त्याने ‘घर’, ‘ऑफिस’ एवढं लिहावं. घरचा, शाळेचा आणि ट्रेनचा कागद त्यामुळे कळणारच. त्या तिघांना तसं आधीच सांगा.

(दृश्य: टेबलावर उघडलेली पाकिटं.)

तुमच्या आणि त्यांच्या आकड्यात एकाचा फरक असेल तर सोडून द्या, तेवढा मूडनेही पडतो. दोन किंवा जास्त असेल तर थांबा. पाचांची सरासरी काढण्याआधी त्यांचे आकडे शेजारी मांडा. ऑफिसचे दोघे शांतपणाला ६ देतात आणि घरून २ येतात, तेव्हा सरासरी काढली तर नेमकी तीच गोष्ट पुसली जाते. चिंतेच्या वाक्यावर स्वतःचा आकडा वेगळा असेल, तर तो लगेच बदलू नका. शिस्तीच्या वाक्यावर पाचही कागद एकीकडे आणि तुमचा एकटाच दुसरीकडे असेल, तर गेल्या महिन्यातला एखादा प्रसंग विचारा. ‘मी कसा आहे?’ असं विचारलंत, तर समोरचा म्हणेल, ‘छान आहेस रे!’